यात्रेचा पैसा सातपुड्यात जिरत का नाही?

महाशिवरात्री जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, मोलगी, धडगावकडच्या जीपगाड्या गुजरातच्या दिशेने भरभरून निघतात. टपावर बांबूच्या टोपल्या, टोपल्यांत घरच्या शेतातलं धान्य, वरून फडकं बांधलेलं. सोबत मोहाची दारू, पाय बांधलेली कोंबडी, एखाद्या गाडीत माणसांच्या पायांशी अंग चोरून उभा असलेला बोकड. ही मंडळी देवमोगरा मातेच्या जत्रेला चाललेली असतात. देवमोगरा गाव गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात, सागबारा तालुक्यात, आपल्या हद्दीजवळ. याहामोगी, म्हणजेच देवमोगरा माता, हे सातपुड्यातल्या आदिवासींचं कुलदैवत, आणि तिचं मूळ ठाणं आपल्याकडच्या अक्कलकुवा तालुक्यातलं डाब, असं मानतात. म्हणजे ठाणं एका राज्यात, जत्रा दुसऱ्या राज्यात आणि भाविक तिन्ही राज्यांतले.

त्याच दिवशी पूर्वेकडे तोरणमाळवर गोरक्षनाथाची यात्रा भरते. तिथेही महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात असे तिन्हीकडचे लोक येतात. दुकानांत पूजेची ताटं मांडलेली असतात. नारळ, अगरबत्तीचा पुडा, बत्तासे, कुंकवाची पुडी आणि चकचकीत प्लास्टिकचा हार.

गर्दी दोन्हीकडे आहे, श्रद्धाही दोन्हीकडे आहे. पण या दोन जत्रांचं अर्थशास्त्र एकमेकांपासून फार लांब आहे, आणि तो फरक टोपलीत आणि ताटात उघड्यावर मांडलेला आहे. ‘धार्मिक पर्यटनातून दुर्गम सीमाभागाचा विकास’ हे वाक्य आपण भाषणांत, आराखड्यांत आणि कोनशिलांवर सारखं वाचतो. त्याचा हिशेब मांडताना सगळे आधी भाविकांची संख्या विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: देवाला काय वाहतात, आणि ते कुठून येतं?

नारळाचा प्रवास

तोरणमाळ धडगाव तालुक्यात येतं, पण तिथे जायचा नेहमीचा रस्ता शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सातपायरी घाटाने वर चढतो. यात्रेचा मालही त्याच वाटेने येतो. खान्देशात केळी आहे, कापूस आहे, मिरची आहे, पण नारळाच्या बागा नाहीत. नारळ दक्षिणेतून येतो, मोठ्या बाजारातल्या ठोक व्यापाऱ्याकडे उतरतो, तिथून शहाद्याला आणि टेम्पोतून घाट चढून वर. समजा भाविकाने नारळाला 30 रुपये दिले. त्यातले पंचवीस-सव्वीस रुपये बागायतदार, ठोक व्यापारी, ट्रकवाला आणि टेम्पोवाला यांचे आधीच ठरलेले असतात. उरलेले चार-पाच रुपये दुकानदाराचे. आणि दुकानदार वरच्या गावाचाच असेल असं नाही. पुष्कळदा तोही टेम्पोतूनच आलेला असतो. यात्रा संपली की टेम्पो, दुकानदार आणि गल्ला तिघंही घाट उतरतात. अहिराणीत सांगायचं तर: माल सुरतना, गिऱ्हाईक शिरपूरनं, आमनं फक्त ऊन.

अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. पर्यटकाने खर्च केलेल्या पैशातला जो भाग त्या गावात न थांबता बाहेर निघून जातो, ती गळती. ती बेकायदेशीर नाही, त्यात कुणाची लबाडीही नाही. गाव जे पिकवत नाही किंवा बनवत नाही, ते विकायला बाहेरून आणावं लागतं, एवढंच.

गळतीचा जोडीदार म्हणजे गुणक. एका माणसाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. भजी विकून बाईला शंभर रुपये मिळाले आणि त्यातले पन्नास तिने गावातल्याच दूधवाल्याला, सुताराला, शेजारच्या शेतकऱ्याला दिले. त्यांनी आपल्या वाट्यातले निम्मे पुन्हा गावातच खर्च केले. असं चालू राहिलं तर शंभराची एकूण कमाई दोनशेपर्यंत जाते. पण गावात फक्त वीस टक्केच थांबत असतील तर शंभराचे सव्वाशे होतात आणि खेळ तिथेच संपतो. दोन गावांत भाविक तेवढेच, त्यांचा खर्चही तेवढाच, तरी एका गावाला दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त मिळतं. सातपुड्यावर पाऊस कमी पडत नाही, पण उतारावरून धो धो वाहत तो तापीला आणि नर्मदेला जाऊन मिळतो. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. यात्रेच्या पैशाचंही तेच आहे.

आता देवमोगऱ्याची टोपली बघा. धान्य शेतातलं, टोपली गावातल्याच बांबूची, दारू मोहाच्या फुलांची, कोंबडी अंगणातली. यातली एकही वस्तू बाहेरून यावी लागत नाही. ज्याच्याकडे कोंबडी नाही तो शेजाऱ्याकडून घेतो, म्हणजे पैसा दाराबाहेर जातो तोही शेजारच्याच दारात. (गुजरातेत दारूबंदी आणि देवीला मोहाची दारू वाहण्याची रीत, हे कोडं तिथलं प्रशासन दरवर्षी आपल्या परीने सोडवतं. त्यात आपण पडायला नको.) गळती जवळपास नाही. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या व्यवहारात मुळात रोकडच थोडी असते. पैसा गळत नाही, कारण पैसा फार येतच नाही. देवमोगऱ्याची रीत आणि तोरणमाळची रोकड एकत्र कशी आणायची, हा खरा विकासाचा प्रश्न आहे.

उपवासाचं ताट

याचं उत्तर कुठल्या मोठ्या प्रकल्पात शोधायची गरज नाही. महाशिवरात्र उपवासाची. यात्रेत आलेला माणूस साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळं, शेंगदाणे यांवरच असतो. साबुदाणा म्हणजे तमिळनाडूतल्या सेलम भागाचा उद्योग. तिथे तो टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. म्हणजे सातपुड्याच्या माथ्यावर खाल्लेल्या खिचडीच्या प्लेटमागे एक मोठा वाटा देशाच्या दुसऱ्या टोकाला जातो.

भगरीचं तसं नाही. सातपुड्याच्या उतारांवर मोर, बंटी अशी बारीक भरडधान्यं पिढ्यान्‌पिढ्या पिकतात. भगर त्यांच्याच जातकुळीतली. अडचण पिकात नाही, सोलण्यात आहे. या दाण्यांचं टरफल काढणं फार कष्टाचं काम. उखळात कांडत बसलं तर बाईचा अख्खा दिवस पसा-दोन पशात जातो. सोलायचं यंत्र गावात नसेल तर दाणा स्वस्तात बाजाराला जातो, बाहेर सोलला जातो, पाकिटात बसतो आणि तीच भगर दुप्पट-तिप्पट भावाने परत दुकानात येते. धडगावच्या आमचुराचीही हीच कहाणी. एप्रिल-मे महिन्यात घरोघरी कैऱ्या चिरून खडकांवर वाळत घातलेल्या दिसतात. कष्ट सगळे इथले, आणि भाव मात्र खालच्या बाजारात ठरतो.

यात्रेने इथे एक मोलाची गोष्ट होते. गिऱ्हाईक स्वतः डोंगर चढून वर येतं. एरवी डोंगरातल्या मालाला बाजारापर्यंत नेण्याचं भाडंच परवडत नाही. वर्षातून काही दिवस तरी बाजार दाराशी येतो. त्या दिवशी गावाकडे विकायला स्वतःचं काय आहे, यावर सगळं अवलंबून. सोललेली भगर, आमचुराच्या पुड्या, मोहाचे लाडू, बांबूच्या टोपल्या, चुलीवरची भाकर आणि ठेचा. यातलं काहीही नारळापेक्षा गावाला जास्त देऊन जातं.

सारंगखेड्याचे घोडे: उलाढाल म्हणजे कमाई नव्हे

डोंगर उतरून तापीकाठी आलं की शहादा तालुक्यातलं सारंगखेडा लागतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि सोबत घोड्यांचा मोठा बाजार. राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश इथून व्यापारी येतात. मारवाडी, काठियावाडी, नुकरा अशा जाती. घेणारा आधी दात बघतो, मग अंगावरचे भोवरे. गळ्याशी देवमण असलेला, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी घोडा असेल तर मालकाचा आवाज आपोआप चढतो. अलीकडच्या वर्षांत पर्यटन विभागाच्या साथीने चेतक फेस्टिव्हल या नावाने या यात्रेची जाहिरातही झाली.

दरवर्षी बातमी येते ती कोट्यवधींच्या उलाढालीची. बातमी खोटी नसते, पण तिचा अर्थ नीट लावावा लागतो. राजस्थानच्या व्यापाऱ्याने पुण्याच्या शौकिनाला पाच लाखांना घोडा विकला, तर उलाढाल पाच लाखांची झाली. सारंगखेड्याला त्यातले किती मिळाले? पाच लाख व्यापाऱ्यासोबत परत गेले, घोडा पुण्याला गेला. गावात थांबलं ते वेगळंच: जागेचं भाडं, पंधरा दिवसांचा चारा, चणे, हरभऱ्याचं भुसकट, नालबंदाची मजुरी, राखणदाराचं जेवण, रात्रीचा चहा. हीच गावाची कमाई.

आणि ती कमी लेखायचं कारण नाही. घोडा रोज खातो. व्यापारी जितके दिवस मुक्काम करतो तितके दिवस आसपासच्या शेतकऱ्याच्या कडब्याला आणि हिरव्या चाऱ्याला घरबसल्या गिऱ्हाईक असतं. चारा शिवारातलाच, म्हणून गळती थोडी. या यात्रेचं खरं यश पाच लाखांच्या घोड्यापेक्षा त्याच्यापुढे पडलेल्या पेंढीत मोजावं, असं मला वाटतं. पण पेंढीचा फोटो कोण छापणार?

पुढच्या वेळी कुठल्याही तीर्थक्षेत्राच्या उलाढालीचा आकडा वाचलात की मनात एवढंच विचारा: यातला कोणता पैसा सकाळी गावात आला आणि संध्याकाळी गेला, आणि कोणता मुक्कामाला राहिला?

एक दिवस की बावन्न मंगळवार

अंमळनेरला मंगळग्रहाचं मंदिर आहे. मंगळाची मंदिरं देशात मोजकीच, त्यामुळे लांबून लोक येतात, आणि येतात ते मुख्यतः मंगळवारी. अंमळनेर काही दुर्गम नाही, रेल्वेमार्गावरचं शहर. पण त्याच्याकडून एक गोष्ट समजते. समजा एका देवस्थानाला वर्षात एका दिवशी बावन्न हजार माणसं येतात आणि दुसऱ्याला दर मंगळवारी हजार. वर्षाचा आकडा सारखाच. पण पहिल्या ठिकाणी एका दिवसासाठी कुणी दुकान बांधत नाही, ताडपत्री लावतो. दुसऱ्या ठिकाणी हॉटेलवाला पक्की शेगडी घालतो, दोन पोरं कामाला ठेवतो, रिक्षावाला हप्त्यावर रिक्षा घेतो, बँकही कर्ज देते. कारण पुढच्या मंगळवारी गिऱ्हाईक येणार हे सगळ्यांना माहीत असतं.

सातपुड्यातल्या जत्रा बहुतेक पहिल्या प्रकारच्या. तोरणमाळची महाशिवरात्र, अस्तंब्याची दिवाळीतली यात्रा, काठी गावची होळी. शिवाय एक मोठी अडचण ऋतूची. धडगाव-अक्कलकुव्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. म्हणजे महाशिवरात्रीला भाविक वर येतात तेव्हा गावातले कितीतरी कमावते हात खाली गुजरातच्या उसात असतात. चार-दोन दिवसांच्या धंद्यासाठी चार महिन्यांची मजुरी कुणी सोडणार नाही, आणि सोडूही नये. यात्रेमुळे स्थलांतर थांबेल असं जे कुणी सांगतं त्याने आधी हे पंचांग बघावं. थांबवायचंच असेल तर तोरणमाळला महाशिवरात्रीखेरीज माणूस आला पाहिजे. पावसाळ्यात धबधब्याला, हिवाळ्यात थंडीला, यशवंत तलावाकाठी दोन रात्री राहायला. रात्र महत्त्वाची. सकाळी येऊन संध्याकाळी उतरणारा माणूस नारळ आणि चहा घेतो. रात्री राहणारा दोन जेवणं, एक नाश्ता, खोली, शेकोटीची लाकडं आणि सकाळी वाट दाखवणारा पोरगा घेतो. हे सगळं गावाचंच.

कोणती सीमा?

सीमाभाग म्हटलं की महाराष्ट्रात बेळगाव आठवतं आणि दिल्लीत हिमालय. केंद्राची सीमाभाग विकासाची जुनी योजना 1986-87 पासूनची, ती आंतरराष्ट्रीय सीमेसाठी. फेब्रुवारी 2023 मध्ये मंजूर झालेला 4,800 कोटींचा व्हायब्रंट व्हिलेजेस कार्यक्रमही उत्तर सीमेवरच्या 2,967 गावांसाठी. पहिल्या टप्प्यात त्यांतली 663. तिथे धार्मिक पर्यटनाचा जोर आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये पंतप्रधान उत्तराखंडात आदी कैलासच्या दर्शनाला, पार्वती कुंडाला गेले आणि गुंजीसारख्या गावांची नावं घरोघरी पोचली. त्यामागचा विचार सरळ आहे: सीमेवरची गावं ओस पडली तर देशाला धोका, पर्यटक आले तर रोजगार मिळेल, रोजगार मिळाला तर माणसं राहतील. म्हणून रस्ता, टॉवर, वीज सगळं त्या बाजूने धावतं.

सातपुड्याच्या सीमेला हे भाग्य नाही, कारण पलीकडे शत्रू नाही, गुजरात आणि मध्य प्रदेश आहेत. पण दुर्गमपणा तोच. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा 2011 च्या जनगणनेत 16.48 लाख लोकसंख्येचा, त्यात 69 टक्क्यांहून अधिक आदिवासी, साक्षरता 64.4 टक्के, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत राज्यातले जे चार आले, त्यांत नंदुरबार आहे.

राज्याची हद्द नकाशावर बारीक रेघ असते, व्यवहारात तिची जाडी कळते. आडवाटेची एसटी बहुधा हद्दीपाशी थांबते, पलीकडची बस पलीकडे फिरते, मधला तुकडा जीपवाल्याचा. एका जत्रेचा बंदोबस्त, पाणी, दवाखाना यांसाठी तीन राज्यांच्या कलेक्टरांना बोलावं लागतं. आणि निधी जिथे देऊळ तिथे. अक्कलकुव्याचा भाविक देवमोगऱ्याला जातो तेव्हा त्याची मोजणी गुजरातेत होते; महाराष्ट्राच्या रस्त्यावरून तो गेला हे महाराष्ट्राच्या आराखड्यात दिसत नाही. आपल्याकडे जिल्हा नियोजन समितीकडून ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला की सभामंडप, भक्तनिवास, स्वच्छतागृह, पेव्हर ब्लॉक यांना पैसे मिळतात. केंद्राची प्रसाद योजनाही 2014-15 पासून आहे, पण ती मोठ्या, नावाजलेल्या क्षेत्रांची. महाराष्ट्रातलं त्यातलं ठळक नाव त्र्यंबकेश्वर. हद्दीवरच्या जत्रेच्या वाटेला, जी देवळाइतकीच पवित्र आणि देवळाहून जास्त उपयोगी असते, असा वेगळा कप्पा नाही.

सरदार सरोवराकडे बघितलं की हद्दीची जाडी आणखी कळते. त्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं बुडाली. धरणाजवळचं पहिलं गाव मणिबेली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही त्याच पाण्यात गेलं आणि नवं गुजरातेत गोरा इथे उभं राहिलं. 31 ऑक्टोबर 2018 ला धरणाजवळ 182 मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा खुला झाला, पुढे जानेवारी 2021 मध्ये केवडियाला रेल्वेही आली. त्याच जलाशयाच्या आपल्या काठावर बार्जमधून फिरणारा दवाखाना हीच अजून मोठी सोय वाटते. पर्यटक बडोद्याहून येतो आणि बडोद्याला परत जातो. पाणी एकच, पण पर्यटनाला पोहता येत नाही, त्याला रस्ता लागतो.

घाटरस्ता

रस्त्याचं आता सविस्तर बोलू, कारण यात्रेने दुर्गम भागाला दिलेली सगळ्यात मोठी देणगी नारळाचा धंदा नसतोच. ती असते रस्ता.

अस्तंबा हे अश्वत्थाम्याचं शिखर, धडगाव तालुक्यात, सव्वातेराशे मीटरच्या आसपास. दिवाळीत हजारो तरुण, बरेचसे आदिवासी, अनवाणी, रात्रीच्या अंधारात चढतात. वर दुकान नाही, मंडप नाही. या यात्रेची उलाढाल कुणी मोजत नाही, आणि मोजली तरी हाती फार लागायचं नाही. पण तिथे जायला चांदसैली घाट लागतो. ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप याच घाटात उलटली आणि माणसं गेली. मालवाहू गाडीत माणसं का बसतात याचं उत्तर धडगावकडच्या कुणालाही विचारा. दुसरी गाडी नसते. याच घाटात सप्टेंबर 2021 मध्ये दरड कोसळून रस्ता बंद झाला होता आणि एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे निघाला होता. ती वाटेतच गेली.

भाविकाला जो रस्ता तीन दिवस लागतो, तोच बाळंतिणीला, शाळेतल्या पोराला आणि आमचुराच्या पोत्याला तीनशे पासष्ट दिवस लागतो. रस्त्याच्या मागणीत भाविकाचा आवाज मिसळला की ती लवकर ऐकू जाते, ही आपल्या व्यवस्थेची गंमत आहे आणि थोडी शरमही. झोळी करून रुग्ण नेणाऱ्या पाड्याला रस्ता मिळायला वर्षं जातात, ‘तीर्थक्षेत्राला जोडणारा मार्ग’ म्हटलं की फाइल हलते. मग फाइल त्याच नावाने हलवावी, माझी हरकत नाही. फक्त रस्ता देवळाच्या पायरीशी संपवू नये, पुढच्या पाड्यापर्यंत न्यावा.

कायदाही इथे रस्त्याच्या बाजूने झुकतो. सातपुड्यात बरीच देवस्थानं वनजमिनीवर किंवा तिच्या कडेला. 2006 च्या वनहक्क कायद्यात शाळा, दवाखाना, रस्ता, पाण्याची टाकी अशा तेरा सार्वजनिक सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरच्या आतली वनजमीन मिळू शकते. हॉटेल आणि लॉज त्या तेरांत नाहीत. त्यासाठी 1980 च्या वनसंवर्धन कायद्याची लांब वाट आहे. कुणाला ही अडवणूक वाटते. मला वाटते ती थोडी उसंत आहे: आधी रस्ता येऊ द्या, गावाला हातपाय हलवू द्या, मग खोल्या.

ग्रामसभेच्या हातात काय आहे

आपल्याकडे फार कमी वापरली जाणारी एक चावी आहे. 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, मालकी देतो आणि गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकारही. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. यात्रेत लागणारी दुकानं म्हणजे बाजारच की. कोणती जागा कुणाला द्यायची, बाहेरच्या दुकानदाराकडून भाडं किती घ्यायचं, गावच्या बचत गटाला देवळाजवळची जागा राखून ठेवायची की नाही, प्लास्टिकचे हार विकू द्यायचे की नाही, यावर ग्रामसभा बोलू शकते. सगळ्यात चांगली जागा सगळ्यात जास्त भाडं देणाऱ्याला गेली तर तिथे नारळाचा टेम्पो लागणार. तीच जागा भगर आणि भाकर विकणाऱ्या बायांना दिली तर भाडं थोडं कमी येईल, पण पैसा गावात राहील. गुणकाचं गणित इथे ठराव म्हणून लिहिता येतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ मध्ये हे स्पष्ट आहे आणि भाडेपट्टाही त्यात येतो. देशातल्या कितीतरी पर्यटनस्थळांवर पहिली गर्दी जमीन घेणाऱ्यांची होते, आणि दहा वर्षांनी मूळ मालक आपल्याच शेतातल्या हॉटेलात वेटर असतो. इथे निदान कायदा मध्ये उभा आहे. नाव एकाचं आणि पैसा दुसऱ्याचा, अशा पळवाटा निघतात हे खरं, पण त्या पळवाटा आहेत हे सगळ्यांना माहीत असणंही कामाचं.

गाव जेव्हा भाविकाला पोसतं

शेवटी एक उलटा हिशेब. नर्मदेचा 54 किलोमीटरचा काठ नंदुरबार जिल्ह्याची, म्हणजे महाराष्ट्राची, उत्तर सीमा आहे. पायी परिक्रमा करणारे या डोंगरांतून, शूलपाणीच्या झाडीतून जातात. एके काळी या झाडीत परिक्रमावासीला लुटलं जायचं. अंगावरचं सगळं देऊन पुढे जाणं हाही परिक्रमेचाच भाग मानला जायचा. आता त्याच पाड्यांवर ‘नर्मदे हर’ ऐकू आलं की बाई चुलीवर आणखी एक भाकर टाकते. परिक्रमावासी खर्च करत नाही, सदावर्त घेतो. इथे पैसा पर्यटकाकडून गावाकडे न जाता अन्न गावाकडून पर्यटकाकडे जातं, आणि ते गाव राज्यातल्या सर्वांत गरीब तालुक्यांतलं असतं. हे दान आहे, त्याला पैशाचा भाव लावू नये. पण वाटेवरच्या एखाद्या पाड्याने मोसमात किती लोकांना जेवू घातलं हे निदान लिहून तरी ठेवलं पाहिजे. शहरांतून परतल्यावर अनुभव सांगणाऱ्यांनी धान्याचं पोतं पाठवलं तर बिघडणार नाही, काही पाठवतातही.

बसने परिक्रमा करणारे मात्र अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने शहादा, तळोदा, अक्कलकुवा असे सपाटीवरून जातात. ते खर्च करतात, राहतात, जेवतात, आणि हा पैसा डोंगराच्या पायथ्याशीच थांबतो. त्यांच्या ताटात वरच्या पाड्यांतली भगर, आमचूर, सीताफळाचा गर गेला, तर डोंगर न चढताही त्यांचा रुपया डोंगर चढेल. त्यासाठी सोलायचं यंत्र, एक वजनकाटा आणि पिशवीवर छापायला गावाचं नाव एवढं लागतं. यंदाच्या आराखड्यात हे आधी लिहा. सभामंडपाचं नंतर बघू, तो तसाही कुणीतरी मंजूर करून आणतोच.